हातभर मोकळी जागा

धाकट्याने गाडीवाट नांगरली, त्या दिवसापासून दोघे भाऊ म्हशीशी बोलायला लागले.

म्हैस सामाईक होती. तिचे दोन भाग करता येत नव्हते म्हणून ती वाटणीतून वाचली होती आणि अंगणाच्या मधोमध खुंट्याला बांधलेली असायची. थोरला सकाळी तिच्यापुढे चारा टाकी आणि तिला ऐकवी, "काही लोकांना वाटतं, वाट त्यांच्या बापाची आहे." बाप दोघांचा एकच होता, पण म्हशीने ही गोष्ट कधी काढली नाही. संध्याकाळी धाकटा धार काढायला बसला की तिच्या कासेकडे बघत उत्तर देई, "बापाचीच होती. म्हणून तर नांगरली."

थोरल्याचं रान मागे होतं, धाकट्याचं पुढे. वाट गेली तशी थोरल्याची गाडी अंगणात उभी राहिली आणि कापलेला मका डोक्यावरून ओढ्यातून आणायची पाळी आली. थोरला भारा उचले तेव्हा मानेची शीर दोरीसारखी वर येई. मागून त्याची बायको, म्हणजे थोरली, ओढ्यातल्या गोट्यांवरून टाचा सांभाळत चाले. टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यात मक्याचा दाणा बसावा. बांधावर धाकटा विळा परजत उभा असे. तो बघत नाही असं दाखवी, आणि ते दाखवायला त्याला काम सोडून थांबावं लागे.

घर तीन खोल्यांचं, एका रांगेत. एका टोकाची थोरल्याची, दुसऱ्या टोकाची धाकट्याची आणि मधली म्हातारीची. मधल्या खोलीला दोन्हीकडे दारं होती. सुगी संपली की मोजणीदार येणार, मधल्या खोलीच्या मधोमध खुणा करणार आणि तिथे भिंत उठणार, हे ठरलं होतं. म्हातारीने एक सुगी इकडे राहायचं, एक तिकडे. दोन्ही मुलांनी हे तिला वेगवेगळं येऊन सांगितलं, आणि दोघांनीही आपल्याकडची सुगी कमी कामाची निवडली.

म्हातारीची खाट खोलीत आडवी होती. ती म्हणाली, "अर्ध्या खोलीत ही बसायची नाही."

"लहान खाट करू," थोरला म्हणाला.

"मलाही जरा कापा मग. खालून चालेल, गुडघे नाहीतरी कामाचे नाहीत."

यावर थोरला बाहेर जाऊन म्हशीशी बोलला.

मध्येच केबलवाल्याने धंदा बंद केला. टीव्ही बापाने मरायच्या आदल्या वर्षी घेतलेला, मोठा, सपाट. तो मधल्या खोलीत मागच्या भिंतीशी होता. आता त्यावर मुंग्या आल्या. आपापल्या खोलीत नवा टीव्ही घ्यावा असं दोघांच्याही बायकांनी सुचवून पाहिलं. पण नवा घेतला म्हणजे बापाच्या टीव्हीवरचा हक्क सोडला असं होईल, हे दोघांनाही एकाच दिवशी सुचलं. या घरात एकमत होई ते असं. मग जुन्याच टीव्हीला नवा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, जोडायचं ठरलं.

म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिला टीव्ही म्हणजे बोलणारा उजेड. तरी ती म्हणाली, "नवा डबा आणायला मीही येणार."

बसमध्ये थोरला ड्रायव्हरच्या मागे बसला, धाकटा शेवटच्या बाकावर आणि म्हातारी बरोबर मध्ये. कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा तिने आधी पुढे बोट केलं, मग मागे. "ते दोघं देतील. मी सामाईक आहे."

दुकानदार दात कोरत होता. त्याने विचारलं, "कुठला देऊ?"

"छत्रीवरचा," थोरला म्हणाला. "आभाळातून येतं ते. कुस्त्या लागतात. पाऊस कुठे आहे ते ढगांसकट दाखवतात."

"अँटेनावरचा," धाकटाही दुकानदारालाच म्हणाला. "टेकडीवरच्या टॉवरचा. त्यावर आपल्या भागातलं असतं. आभाळात बसलेल्याला आपल्या मक्याचं काय पडलंय?"

धाकट्याच्या अँटेनाप्रेमाला कारण होतं. मागे एकदा गुरांच्या बाजाराच्या बातमीत त्याचा डावा कान दिसला होता. निदान तो तसं म्हणे. थोरल्याच्या मते तो कान बैलाचा होता.

दुकानदाराने एक छत्रीवरचा डबा काढला, एक अँटेनावरचा. थोरल्याने एकाच्या पाठीवर हात ठेवला, धाकट्याने दुसऱ्याच्या. दोघांनी ते असे धरले होते, की बघणाऱ्याला वाटावं आता झुंजच लावणार आहेत.

"दोन्ही खाणारा एखादा नाही का?" म्हातारीने विचारलं.

"आहे ना!" दुकानदाराने फडताळातून तिसरा काढला. "आजी, हा बघा. मागे दोन भोकं. ह्यात छत्रीची वायर, ह्यात अँटेनाची. रिमोटचं हे बटण दाबलं की आभाळातलं, पुन्हा दाबलं की टेकडीवरचं. सिग्नल किती येतो त्याची पट्टीपण दिसते. आणि चित्र एचडी. माणसाच्या नाकावरचा घाम मोजून घ्या."

"घाम घरात आहे भरपूर. दोघांचं एकदम दिसतं का?"

"एकदम नाही. एक बघायचं तर दुसरं बंद."

"आणि हा मधोमध कापता येतो?"

दुकानदार हसला. मग त्याने दोघा भावांची तोंडं बघितली आणि हसू आवरलं. "कापला तर कुणालाच काही दिसणार नाही, आजी."

"हाच द्या."

डबा कागदात बांधता बांधता दुकानदाराने बजावलं, "हा तापतो बरं का. चहूबाजूंनी हातभर मोकळी जागा सोडा. कोंडून जाळलात तर वॉरंटी नाही."

"हातभर," म्हातारी म्हणाली आणि दोघा मुलांना दोनदा म्हणायला लावलं.

छत्री बसवायला माणूस आला आणि खरी अडचण निघाली. छत्रीला आभाळाचा जो तुकडा हवा होता तो थोरल्याच्या छपरावरून मोठ्या झाडामुळे दिसत नव्हता. दिसत होता धाकट्याच्या छपरावरून. टेकडीवरचा टॉवर धाकट्याच्या छपरावरून दिसत नव्हता, मध्ये शेजाऱ्याची पाण्याची टाकी. तो दिसत होता थोरल्याच्या छपरावरून.

म्हणजे थोरल्याची छत्री धाकट्याच्या डोक्यावर आणि धाकट्याचा अँटेना थोरल्याच्या.

"जमेल ना?" छत्रीवाल्याने विचारलं.

"म्हशीला विचारा," धाकट्याची बायको, म्हणजे धाकटी, म्हणाली. घरात एवढी एकच बाई होती जी विनोद करून हसत नसे.

छत्रीवाला वर चढला. खालून कुणीतरी चित्र आलं की ओरडायला हवं होतं. थोरला अंगणात धाकट्याच्या बाजूला उभा राहायला तयार नव्हता, धाकटा थोरल्याची छत्री लागावी म्हणून घसा फोडायला तयार नव्हता. शेवटी म्हातारी टीव्हीसमोर बसली.

"आलं का, आजी?"

"थोडं डावीकडे!"

"आता?"

"खरखर आहे अजून. हां, हां, थांब! आलं. कुणीतरी बाई ओरडतेय, स्पष्ट."

छत्रीवाल्याने खाली येऊन बघितलं तर चित्र आरशासारखं. त्याने विचारलं, "डोळ्यांनी दिसत नाही म्हणता ना तुम्ही?"

"भांडण स्पष्ट ऐकू आलं की समजायचं, लागलं."

टीव्ही भिंतीशी होता, पण भिंतीच्या कुठल्या भागाशी यावर दुपार गेली. थोरला दोन इंच आपल्याकडे सरकवी, धाकटा तीन इंच परत. शेवटी धाकट्याने सुंभ आणून खोली मोजली, थोरल्याने सुंभ ओला असून ताणला जातो असं म्हशीला सांगितलं, आणि कोरड्या दोरीने पुन्हा मोजून टीव्ही नेमका मध्यावर ठेवला गेला, डबा त्याच्या डोक्यावर. दोघांनाही हा आपला विजय वाटला. मोजणीदाराची रेघ याच मध्यावर पडणार आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. म्हातारीने रिमोट उशीखाली सारला.

चार दिवस बरे गेले. मग धाकट्याने आपल्या छपरावर मक्याची ताटं रचायला घेतली. ताटं वाळवायला छपरच लागतं, यात वावगं काही नव्हतं. फक्त गंज छत्रीच्या तोंडासमोर उठत होता. एका संध्याकाळी थोरला कुस्ती बघत होता आणि पैलवानाचे चौकोनी तुकडे व्हायला लागले. धड एकीकडे, मांडी दुसरीकडे, तोंड मध्येच अडकून उघडं. मग तेही गेलं. सिग्नलची पट्टी जमिनीला टेकली.

थोरला मानेला तेल चोळत बाहेर आला. "काही लोकांना भावाचं आभाळही बघवत नाही," तो म्हशीला म्हणाला.

धाकट्याने पुढची पेंढी जरा उंचच ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून थोरलीला गोधड्या धुवायचं वेड लागलं. सुगीच्या ऐन गर्दीत, हातांना मक्याच्या पात्यांचे ओरखडे झोंबत असताना ती ओढ्यावर गोधड्या आपटी, ओल्याच्या ओल्या छपरावर नेई आणि अँटेनाच्या खांबाला दोरी बांधून त्यावर टाकी. खांब त्या ओझ्याने वाकला आणि अँटेना टेकडीकडे बघायचं सोडून कोंबड्यांकडे बघायला लागला.

"वहिनी, त्या गोधड्या किती धुणार?" धाकट्याने शेवटी विचारलं. वहिनीशी बोलणं बंद नव्हतं.

"घाण फार बसलीय, भावजी. शेजारच्या घरातून येते."

"माझी बातमी जाते तिकडे."

"जाऊ द्या. कान तर शाबूत आहेत ना?"

धाकटीने हे ऐकलं. तिने त्याच दुपारी छपरावर आणखी तीन पेंढ्या चढवल्या, पोटऱ्या थरथरेपर्यंत. उतरताना शिडीची फळी निसटून गुडघा सोलला, पण थोरली बघत होती म्हणून ती न लंगडता घरात गेली आणि मग बसून रडली. मधल्या खोलीत टीव्ही निळा होऊन पडला होता. त्यावर एकच वाक्य होतं, सिग्नल नाही. म्हातारी रोज विचारी, "आज काय म्हणतोय?" आणि कुणीतरी सांगे, "तेच."

दोन्ही छपरांवर कणसं वाळत होती. एके दिवशी सकाळपासून हवा चिकट. अंगाला सदरा सुटेना. दुपारच्या बातमीत टेकडीवरच्या केंद्राने सांगितलं की मका झाका. आभाळातल्या केंद्राने ढग सरकताना दाखवले, म्हणे एचडीत असे दिसत होते की हात भिजावा. हे सगळं नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. शेजाऱ्यांची छपरं मात्र दोघा भावांच्या डोळ्यांदेखत रिकामी झाली. दोघांनीही ती बघितली. पण आधी धावेल तो घाबरला असं ठरणार होतं. थोरला आपल्या छपरावर चिलीम ओढत बसला. धाकटा आपल्या छपरावर आडवा झाला आणि डोळ्यांवर टोपी ओढून घेतली.

पहिले थेंब टोपीवर पडले तेव्हा दोघे एकदम उठले. घरात ताडपत्री एकच, तीही बापाची. एक टोक थोरल्याच्या हाती लागलं, एक धाकट्याच्या. दोघे दोन छपरांवर उभे राहून ती ओढत होते, पाय कणसांवरून घसरत होते, तोंडात पाणी जात होतं. थोरली खालून ओरडत होती, "सोडू नका!" धाकटी ओरडत होती, "ओढा!" म्हातारी दारात बसून ऐकत होती. मग तिला ताडपत्री फाटल्याचा आवाज आला. उभी, मधोमध, अगदी सरळ. मोजणीदारालाही अशी जमली नसती.

पाऊस मोठा नव्हता, पण पुरेसा होता. कणसं काळी पडली, काहींना कोंब आले. दोन्ही बायका आपापल्या उंबऱ्यावर बसून बुरशीची कणसं निवडत होत्या. बोटांची सालं निघाली होती, वास नाकातून जात नव्हता. अर्धी कणसं म्हशीपुढे गेली. सगळ्या सुगीत चैन अशी तिचीच झाली.

आता मात्र दोघांनी मोजणीदाराला घाई केली. तो आला, साखळी टाकली, खोलीच्या दोन भिंतींवर चुन्याच्या खुणा केल्या. मागची खूण बरोबर टीव्हीच्या पाठीशी आली.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. खाट उचलून थोरल्याच्या खोलीत उभी करून ठेवली. म्हातारी जमिनीवर बसली, थैलीसारखी, एका कोपऱ्यात. रिमोट तिच्या ओच्यात होता.

"टीव्ही हलवा," गवंडी म्हणाला. "रेघेवर आहे."

कुणी हललं नाही. आपल्याकडे ओढला तर चोरी, दुसऱ्याकडे ढकलला तर हार.

"आई," थोरला म्हणाला, "गवंड्याला सांग, टीव्ही राहू दे. भिंत टीव्हीपर्यंतच आण म्हणावं."

"आई," धाकटा म्हणाला, "सांग, तसंच कर म्हणावं."

"हातभर मोकळी जागा सोडून," म्हातारी म्हणाली. "दुकानदाराने सांगितलंय. डबा कोंडला तर जळतो. जळाला तर कुणाच्या भिंतीमुळे जळाला?"

गवंड्याने टीव्हीपासून हातभर अंतर सोडलं आणि पुढच्या भिंतीपर्यंत विटा लावत नेल्या. संध्याकाळपर्यंत भिंत छातीइतकी झाली. ओल्या चुन्याचा वास खोलीत कोंडला. मुलं भिंतीच्या दोन बाजूंना, आई एका बाजूला, आणि कुठल्या बाजूला हे तिला हाताने चाचपून बघावं लागलं.

"टीव्ही लावून बघू का?" ती म्हणाली. "जाणार असाल आपापल्या बिळात, तर जा."

छत्रीसमोरचा गंज पावसात बसला होता, गोधड्या ओल्या होऊन फाटल्या होत्या. चित्र आलं. कुस्तीच होती. थोरला आपल्या अर्ध्यात, पुढच्या भिंतीला टेकून बसला, जिथे बाप बसायचा.

"अर्धाच पैलवान दिसतोय," तो म्हणाला.

"कुठला अर्धा?" म्हातारीने विचारलं.

"हरणारा."

"एचडी घेतलंय ते अर्धं बघायला?"

थोरल्याने गवंड्याला टोकाच्या विटा काढायला लावल्या. चुना ओला होता, विटा मुकाट्याने आल्या. त्याला पाऊण पैलवान दिसला. पलीकडून धाकटा खेकसला, "आई, त्याला पाऊण दिसतं, आणि मी काय भिंतीचा रंग बघू?" त्यालाही दिसावं म्हणून आणखी एक उभी रांग निघाली. पण तिरकं बसून चित्र चपटं दिसत होतं. थोरला सरळ बघायला रेघेकडे सरकला. सरकला तसा भिंतीचा कोपरा मध्ये आला. आणखी विटा गेल्या. तो सरकला म्हणून धाकटा सरकला. त्याच्यासाठी आणखी गेल्या. दर वेळी कुणाला तरी दुसऱ्यापेक्षा बोटभर कमी दिसत होतं, आणि तेवढं सहन करण्याइतका दोघांतला एकही मोठ्या मनाचा नव्हता.

गवंडी विटा काढत होता, दारात रचत होता. दिवसभर लावलेलं तो तासाभरात उतरवत होता आणि बायका दोन्ही दारांत उभ्या राहून आपापल्या नवऱ्याला सांगत होत्या, "सोडू नका! आणखी काढायला लावा!"

शेवटी दोघांनाही पूर्ण चित्र दिसलं. टीव्हीशी हातभर जागा सोडायची होती, आता पुढच्या भिंतीशी हातभर भिंत राहिली होती. तिच्या अलीकडे थोरला टेकून बसला होता, पलीकडे धाकटा. दोघांच्या खांद्यांमध्ये एका विटेचं अंतर.

"मग ही तरी कशाला ठेवायची?" गवंड्याने घाम पुसत विचारलं.

"हद्द आहे!" दोघे एकदम म्हणाले.

"बरोबर आहे," म्हातारी म्हणाली. "हद्द हवीच. गवंडीदादा, तेवढी माझी खाट आण आत. होती तिथेच टाक, आडवी. आता बसते."

खाट बसली. तिचं डोकं एका मुलाच्या हद्दीत आलं, पाय दुसऱ्याच्या. ती आडवी झाली आणि रिमोट उशीखाली गेला.

"कोपर काढ," थोरला म्हणाला. म्हशीला नव्हे. म्हैस बाहेर होती.

"माझ्या हद्दीत आहे कोपर."

"वाट नांगरलीस तेव्हा हद्द कुठे होती?"

"मागितली असतीस तर दिली असती. गाडी घालत होतास ती बापजाद्याची असल्यासारखी."

"बापाचीच होती ती, गाढवा!"

"गाढव कोण? ताडपत्री फाडली कुणी?"

"आणि तो कान बैलाचाच होता!"

आवाज चढत गेले. टीव्हीवरचे पैलवान ऐकू येईनात. गवंड्याने थापी धुतली आणि जाताना खाटेपाशी वाकला. "आजी, दिसतंय का काही?"

"दिसायचं राहू दे," म्हातारी डोळे मिटून म्हणाली. "स्पष्ट येतंय. आता हलवू नका कुणी."

अंगणात म्हैस रवंथ करत उभी होती. त्या संध्याकाळी तिला कुणीच काही सांगायला आलं नाही. धार काढायलासुद्धा.